जाईन तर गोळीसकट

मंगळवार, दिवेलागणीला

लिही गं चिऊ, आजी बोलते तसंच लिही. गोड करू नको.

आज लई संताप झाला. दर थंडीत मी दोन महिने लेकीकडं मस्कतला जाते. त्याचा आरोग्य विमा काढायला माझ्या दिलीपनं एजंट घरी आणला. त्यानं आल्या आल्या माझ्या अंगठ्याला शाई फासली. म्हटलं, "थांबा भाऊ, वाचून दाखवल्याबिगर मी अंगठा देत न्हाई." चिऊनं फॉर्म वाचला. जुना आजार, नाही. रोजची गोळी, नाही.

अन् माझी बीपीची गोळी? नऊ वर्षं घेते. नारायणगावातून आणून कोण देतं? हाच दिलीप!

"आई, खरं लिहिलं तर हप्ता वाढतो. सगळे असंच लिहितात."

"मग तिकडं चक्कर येऊन पडले, तर काय सांगू? आजार विमानात चढताना लागला?"

एजंट हसला. मला न्हाई आलं हसू. खोटं यांचं, अंगठा माझा, अन् विमा नाकारला की दवाखाना लेकीच्या गळ्यात!

शाई पदराला पुसली. चांगलं लुगडं गेलं.

दिलीप म्हणाला, "मग जायचंच न्हाई का?"

"जाईन. पण गोळीसकट जाईन. दुसरा फॉर्म आण, अंगठा अजून काळाच आहे."