आमच्या विहिरीला रहाट बसला त्याची हकीकत

मु. निंबाचा मळा, पळसदेवजवळ, ता. इंदापूर
१२ जून १९५८

रा. रा. केशवराव दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे हिंदुरावाचा, वाकून दंडवत. इकडं सगळी खुशाल. तुमचा खोकला आणि प्रयागअक्काची कंबर कशी आहे ते कळवावं. (अक्काला म्हणावं, आंबे पाठवतो, पण टोपली परत हवी.)

दाजी, दोन वर्षांपूर्वी वैशाखात माझ्या पोटरीतून नारू निघाला होता. तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय सुजून भोपळा. (ऐन कांदाकाढणीत मी ओट्यावर बसून स्वतःच्या पायातून सूत काढत होतो.) शेवटी बैलगाडीत आडवा पडून तालुक्याच्या नव्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या विनयाबाई डॉक्टर म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याएवढी मूर्ती. त्यांनी मला नंबरानं बाकावर बसवलं, तेही सारजाच्या मागं. सारजा आमच्याच गावची, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, जिथल्या माणसांना आमच्या विहिरीला शिवायची बंदी. तिच्याही पायात नारू. बाईंनी पाय बघण्याआधी विचारलं, पाणी कुठलं पिता? दोघांचं उत्तर एकच निघालं: माझ्या आज्यानं बांधलेल्या पायऱ्यांच्या विहिरीचं. मी खाली उतरून पितो आणि सारजाच्या घागरीत आमचं कुणीतरी वरून ओततं, एवढाच फरक. नारूला तो फरक माहीत नव्हता.

आठवड्यानं बाई स्वतः विहिरीवर आल्या. पेला भरून उन्हात धरला. दाजी, त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उड्या मारत होते! नारूचं बी त्यांच्या पोटात, म्हणाल्या. नारूवाला पाय पायरीवर पाण्यात बुडाला की ते बी सुटतं. म्हणजे माझ्या पायानं मी सबंध गावाला नारू पाजत होतो. पायऱ्या बुजवा, कठडा घाला, रहाट बसवा, म्हणाल्या, आणि दोर सगळ्यांच्या हाती द्या. ओतून घेणाऱ्यांना पाणी पुरत नाही, मग ते डबक्यातलं पितात.

रहाट बसला त्या सकाळी गाव जमलं, पण दोराला हात कुणी लावेना. बाईंनी सारजाला पुढं बोलावलं. तिनं जन्मात रहाट ओढला नव्हता, दोर सुटला आणि पहिली बादली आत गेली. (बादली माझी, नवी.) दुसरी वर आली, पण पाणी घ्यायला कुणी हलेना. तेव्हा आमची आई, जिनं जन्मात परक्या घरचं पाणी घेतलं नाही, काठी टेकत गेली आणि ओंजळ धरली.

"सारजे, वत. लई तहान लागली हाय."

"आईसाहेब, माज्या हातचं?"

"मग काय रहाट वततोय व्हय?"

आई घटाघटा प्याली. माझे हात आपोआप जोडले गेले. तिघींपैकी कुणाला, ते अजून कळलेलं नाही.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात, दाजी, एकाच्याही अंगातून नारू निघाला नाही. ओढ्याच्या अलीकडं नाही, पलीकडंही नाही. मी रोज लोकांच्या पोटऱ्या बघत हिंडतो (बाप्यांच्याच) आणि थक्क होतो.

मुलांना गोड पापा.

तुमचा,
हिंदुराव

ता. क. विनयाबाईंच्या बदलीचा हुकूम आलाय. तुम्ही आरोग्य खात्याच्या कचेरीत आहात, तेव्हा काहीही करून तो थांबवा. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे लोक अंगठे द्यायला तयार आहेत.

आणखी ता. क. ही बदली दोन वर्षं पडून राहिलेल्या एका तक्रारअर्जावरून झाली म्हणे. 'सदर बाई माणसाची पायरी ओळखत नाहीत' असं त्यात आहे. कागद सापडला तर फाडून टाका. अक्षर तुम्ही ओळखालच. अक्काला दाखवू नका. ती आईला कळवेल, आणि मग विहीर माझी असून मला तिथं घोटभर पाणी मिळायचं नाही.