फळ्यावरचा आकडा

रविवार, १० जून १९३४

हो, मीच केलं. म्हणायच्या गाण्यांचे आकडे चर्चच्या फळ्यावर लावतात, त्यातला पहिला सकाळी गुपचूप बदलला. नाताळचं गाणं लावलं. जूनमध्ये! तेही बिशपसाहेब अकरा वर्षांनी आमच्या बेटावर तपासणीला आलेत त्याच दिवशी.

वाटलं, कुणीतरी थांबवेल. छे. ऑर्गनवाल्या इंगेब्रिक्टकाकांनी फळ्याकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि वाजवायला लागले. फळ्यावर आहे म्हणजे आहे. सगळं गाव पुस्तकं उघडून बाळ येशूला झोपवायला लागलं. एकटे बिशप खणखणीत आवाजात भलतंच गात होते — म्हणजे खरं ठरलेलं. अर्धी ओळ. मग गप्प. मला हसू फुटलं. तशी त्यांनी मान सरळ माझ्याकडे वळवली.

ओळखलं वाटतं.

सोमवार, ११

आई म्हणते, "एकोणीस वर्षं बिशप आहेत, पण हातात कधी कागद नाही. सगळं तोंडपाठ. नाहीतर तू."

उद्या दृढीकरणाची, म्हणजे चर्चने आम्हाला मोठ्यांत घ्यायची परीक्षा तेच घेणार. नापास झालो तर हिवाळ्यात कॉड मासे धरायच्या बोटीवर जागा नाही. अजून वर्षभर पोरासोरांत.

संध्याकाळी धक्क्यावर दिसले. पुन्हा माझ्यावरच नजर. मी मासे वाळवायच्या मांडवाआड लपलो, बाजूने निसटलो — तरी ते त्या मांडवाकडेच बघत उभे. काहीतरी डाव आहे.

मंगळवार, १२

एकेकाला आत बोलावलं. त्यांच्या हातात प्रश्नोत्तरांचं पुस्तक.

"चौथी आज्ञा सांग."

मी अडखळलो. तेवढ्यात दिसलं — पुस्तक उलटं. वर त्यांनी पानही पालटलं.

म्हटलं, आपणही परीक्षा घेऊ. जीभ बाहेर काढली. काही नाही. डोळे तिरळे केले.

"आठवतोयस ना? आठव, घाई नाही."

मी डोळे सरळ केले.

"बिशपसाहेब... पुस्तक उलटं आहे."

त्यांनी पुस्तकाच्या कडा चाचपल्या. मग सरळ केलं.

"उत्तरेकडची तीन गावं राहिलीत. येतो म्हणून शब्द दिलाय. डोळ्यांचं हे कळलं तर उद्याच घरी बसवतील." पुस्तक मिटलं. "रविवारी हसलास तो तूच. आत्ता आवाज ओळखला. आकडा बदललास?"

"हो."

"बरं. चौथी आज्ञा अजून आली नाही."

बुधवार, १३

पास.

बोटीच्या फळीवर चढताना बिशपसाहेबांचा पाय हवेत चाचपडला. सगळं गाव बघत होतं. मी तिथेच धाडकन पाण्यात पडलो, मुद्दाम. सगळे माझ्याकडे वळून हसले. ते चढले.

वही, आकड्याचं हवं तर गावभर सांग. ते दुसरं नको. हात जोडतो, कुणाला सांगू नकोस.