चित्रातल्या गोठ्यातलं वासरू

४ ऑक्टो., शनि.
गोठ्याचं चित्र रिक्षातून कसबा पेठेत नेलं, मुग्धाकडे. ती जुनी चित्रं दुरुस्त करते. रंगाचे पोपडे निघायला लागलेत. सासऱ्यांना त्यांच्या पारशी साहेबांनी दिलेलं. पडक्या खांबांमध्ये गवती छपराचा गोठा, पुढे गाय, मागे काळोखात वासरू. सासूबाई दर वसुबारसेला ह्याच गाईची पूजा करतात. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर गाय कुठून आणायची? गाईच्या कपाळावरचं हळदकुंकू बघून मुग्धा नुसती "अरे बापरे" म्हणाली. मला उगाच अपराधी वाटलं. वसुबारसेच्या आत हवं, बजावून आले.

९ ऑक्टो., गुरु.
मुग्धाचा फोन. चित्र अठराव्या शतकातलं, युरोपातलं. एका हाताचं नाही, कुठल्याशा चित्रशाळेतलं. गुरूनं आखायचं, शिष्यांनी रंगवायचं. बरं. मग म्हणते, "काकू, कोपरा साफ केला. ते वासरू नाहीये. गाढव आहे." आणि गाय? "बैलही असेल. मागचं अंग भिंतीआड आहे." म्हणजे नक्की काय?

ह्यांना सांगितलं तर हसत सुटले. हे लहानपणी टायफॉइडनं गेल्यातच जमा होते. वाचले ते ह्या गाईमुळे, असं आई अजून सांगतात. "म्हणजे मी गाढवामुळे वाचलो. तरीच." मला हसू येईना.

१३ ऑक्टो., सोम.
मुग्धाला विचारलं, कोपरा परत काळा करता येईल का. "काकू, मी चित्रं दुरुस्त करते, लपवत नाही." फटकळ आहे. पण तिचं चुकलं कुठे?
आईंना आधीच सांगावं की... मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळं दिसतं. नको ते आधी.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
चित्र भिंतीवर. कुंकू तसंच ठेवलंय, काढलं तर खालचा रंगही जाईल म्हणे. आई संध्याकाळी ताम्हण घेऊन उभ्या राहिल्या. थांबल्या. "ह्याचे कान बघ गं."
मी उगाच समईची वात सारखी करायला लागले. "आई, ते गाढव आहे," हे मागून बोलून मोकळे झाले.
आईंनी ताम्हण खाली ठेवलं. "तुझ्या तापात मी ह्याच्यापुढे बसले होते रे." एवढंच. आत गेल्या. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी झाकून ठेवलेली, दोघींचेही उपास तसेच. मला रडू यायला लागलं. ह्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त. आधी सांगायला काय झालं होतं?
थोड्या वेळानं आतून आवाज: "गाढवाला नैवेद्य काय असतो, विचार कोणाला तरी."
चिडून म्हणाल्या की खरंच, कळेना. आणि विचारायचं तरी कोणाला?