सासूबाईंना हवी असलेली लाथ

बुधवार, दिवेलागण. निरगुडसर

उद्या सकाळी मंचरला सिझर. बाळाचं डोकं वर, पाय खाली, शेवटपर्यंत वळलंच नाही. दिवसभर जो तो बाळाचं विचारतोय आणि माझ्या डोक्यात फक्त पाठीत टोचणार ती भुलीची सुई. बाळाचा विचार एकदाही आला नाही. अशी कशी मी आई?

सासूबाई मात्र खूश. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसानं लाथ मारली की कंबरेतली चमक जाते असं इथं मानतात, आणि त्यांची कंबर तर कायमची धरलेली. तरी मघाशी माझ्याच पाठीला तेल चोळत बसल्या. सुई टोचणार, बरोबर तिथंच. चोळता चोळता हळूच विचारलं, "पोटातनं काढल्यावर पायाळू म्हणत्यात का गं?"

मला काय माहीत! मी आपली सुईचं रडगाणं गातेय, आणि या बाईला एक लाथ हवी होती, तीही माझ्यामुळं हुकणार?

म्हटलं, "आई, आजच घ्या मारून. पाठ करा इकडं."

लाजल्या, पण माझ्या पोटाला पाठ टेकवून बसल्या. बराच वेळ काहीच नाही. मग खालून एक दणका. दिवसभरात पहिल्यांदा वाटलं, आत कुणीतरी आहे.

"लागली गं बया! गेली बघ चमक. लई गुणाचं लेकरू. आता तू भिऊ नको."

आणि उठल्या. रोजच्यासारख्याच, भिंत धरून.