गार गाडीचं गाऱ्हाणं

पोयाना, १९ जानेवारी २००३

प्रिय झेनोविया हिस,

स. न. वि. वि. यातला नमस्कार तुला कमी आणि तुझ्यातल्या मेकॅनिकला जास्त.

फोनवर बोलायला लागलो की कार्ड संपतं आणि माझं वाक्य अर्धंच राहतं, म्हणून लिहायला बसलो. सांदू गुरुवारी मिनीबस घेऊन इटलीकडे निघतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि आलुबुखारच्या मुरंब्याची एक बरणी देतो आहे.

गाडीचं बिनसलंय. रात्रभर अंगणात गारठून उभी असते. सकाळी चोक ओढून चावी फिरवली की अशी किंचाळते, की नाताळाआधी डुक्कर कापतात तो आवाज त्यापुढे अंगाईगीत वाटावा. चोक थोडा आत ढकलला तरी किंचाळणं चालूच. पूर्ण ढकलला तर खोकते आणि बंद पडते. मधलं काही तिला मान्यच नाही. गावाबाहेर पडून इंजिन तापलं, की मग शहाण्या मुलीसारखी चालते.

सोमवारी बाबांना डायलिसिसला सुचावाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गिअर टाकून क्लच सोडतो तोच गाडीने बर्फावरून उडी मारली आणि थेट शेजारच्या आग्लायाच्या कुंपणात शिरली. कोणाला लागलं नाही. आग्लायाने मात्र तुझ्या माहेरच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. तुझे बाबा शांतपणे उतरले, म्हणाले की आज नको, घरी जाऊ. तो फेरा चुकला.

शहरातल्या एका मेकॅनिकने कसलासा स्क्रू फिरवून पाहिला आणि शेवटी म्हणाला की अख्खा कार्ब्युरेटरच बदला. एवढ्या वर्षांत डेपोतले ट्रॅक्टर तू बरे केलेस, तेव्हा तू सांगशील तसं करतो. मला लाकूड गिरणीत फळ्या कापता येतात, बाकी मी अडाणीच.

इकडे थंडी मरणाची आहे. तुझा लोभ तेवढा गोठू देऊ नकोस.

तुझा,
गाव्रिल

रोविगो, २५ जानेवारी

प्रिय गाव्रिल यास,

वि. वि. पत्र मिळालं. मुरंबा पोचला, अर्धा माझ्या इथल्या म्हातारीने, सिन्योरा एर्सिलियाने फस्त केला. तिला साखर वर्ज्य आहे हे तिला सोडून घरात सगळ्यांना पाठ आहे.

आधी मुद्द्याचं. बाबांचा फेरा चुकवायचा नाही. गाडी नसेल तर शाळेच्या हेडमास्तरांची माग, दुधाच्या ट्रकमधून ने, काहीही कर. एक फेरा चुकला की त्यांच्या पायांवर सूज येते, हे तुला मी इथून सांगायला नको.

आता गाडी. गार असतानाच बघायचं, तापल्यावर ती खोटं बोलते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढ. चोकची कळ ओढली की आतली पाकळी मिटते, ढकलली की उभी राहते. नीट उभी राहिली, तर चोक निर्दोष. मग पेडलची केबल कार्ब्युरेटरपाशी सोडव. तिथला खटका मागे येऊन आपल्या स्क्रूला टेकला, तर केबलही निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बघ. तुझी सवय मला माहीत आहे, चार ठिकाणी हात घालतोस आणि मग कशाने काय झालं ते देवालाही कळत नाही.

दोन्ही निर्दोष निघाले तर कोमट साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश घे. गार गाडी चालू कर आणि कार्ब्युरेटर जिथे इंजिनावर बसतो त्या सांध्याभोवती ब्रश फिरव. जिथे आवाज एकदम उतरेल तिथून बाहेरची हवा चोरून आत जाते आहे. चोक ओढल्यावर पेट्रोल भरपूर, त्यात ही फुकटची हवा, मग ती किंचाळणारच. तापली की धातू फुगतो, फट मिटते आणि साळसूद होते. माझा संशय तिथेच आहे.

मी बरी आहे. सिन्योराला उचलून माझी पाठ गेलीय. कालपासून ती मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. मी ओ देते. नाही म्हणण्यात जास्त दम जातो.

बाबांच्या पाठीवरून हात फिरव. तुझ्या वाट्याची माया लिफाफ्यात मावत नाही, तेव्हा तिकडची उरलेली वापर.

तुझी,
झेनोविया

पोयाना, २ फेब्रुवारी

प्रिय झेनी हिस,

वि. वि. तू सांगितलंस तसं एकेक करत गेलो. बाबा कोट-टोपी घालून पुढच्या सीटवर बसले आणि चोकची कळ त्यांनी सांभाळली. ओढा म्हटलं की ढकलायचे, ढकला म्हटलं की विचारायचे की नक्की ना. पाकळी नीट उभी राहिली. खटकाही स्क्रूला टेकला. मग साबणाचं पाणी. मागच्या बाजूला ब्रश गेला मात्र, आवाज असा उतरला की बाबांना वाटलं गाडी बंदच पडली. तुझा संशय खरा ठरला म्हणून दोघांनी एकेक पेला घेतला. त्यांनी चहाचा, मी दुसऱ्या कशाचा.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. फट आहे म्हटल्यावर मी खालचे नट आवळले. पिंपाचं झाकण बसवतात तसे, अंगातला जोर लावून. दुसऱ्या दिवशी गाडी पूर्वीपेक्षा वाईट ओरडली. आग्लाया खिडकीतून म्हणाली की आता एक तर ती राहील नाहीतर ही गाडी.

बुधवारी हेडमास्तरांनी गाडी दिली. शुक्रवारी त्यांना जमलं नाही. दुधाच्या ट्रकचं मी ठरवत होतो, पण बाबांनी आपल्याच गाडीकडे बोट दाखवलं, म्हणाले की ती बरी होईल तेव्हा जाऊ, घाई कसली. मी ओरडलो त्यांच्यावर. नंतर वाईट वाटलं. गिरणीत दुसरी पाळी, सकाळी सुचावा, दुपारी स्वैपाक. हल्ली जेवताना घास हातात धरून झोप लागते.

रागावशील तर रागव, पण कळव काय करायचं.

तुझा,
गाव्रिल

रोविगो, ८ फेब्रुवारी

गाव्रिल यास,

वि. वि. प्रिय हा शब्द या खेपेला मुद्दाम गाळला आहे.

कार्ब्युरेटरचा पाया मऊ अ‍ॅल्युमिनिअमचा असतो. तू तो वाकवलास. डेपोत नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर फरशी पुसायला लावली असती. असो. होतं.

आता नीट वाच. कार्ब्युरेटर काढ. खिडकीची जाड काच टेबलावर ठेव, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसर आणि कार्ब्युरेटरचा पाया त्यावर हलक्या हाताने गोल गोल घास. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत थांबायचं नाही. पावडर आत जाऊ देऊ नकोस, पेट्रोलने धुऊन घे. सोबत त्या सांध्यात बसवायचं नवं पॅकिंग पाठवते आहे. इथल्या दुकानातून पॅकिंगचा जाड कागद आणला आणि सिन्योराच्या स्वैपाकघरातल्या टेबलावर आठवणीने कापलं. इतक्या वर्षांनी हातांना भोकं कुठे ते बरोबर आठवलं. सिन्योराने विचारलं, कसला केक. मी म्हटलं, गाव्रिलसाठी आहे, तो काहीही खातो.

नट समोरासमोरचे, थोडे थोडे, मनगटाच्या जोराने आवळायचे. खांदा मध्ये आणायचा नाही. फट मिटल्यावर गाडी उलट मंद होऊन बंद पडेल, कारण तुझ्या त्या शहाण्या मेकॅनिकने आवाज उतरावा म्हणून आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू सोडवून ठेवला असणार. तो पाव फेरा आत घे, ऐक, मग पुन्हा पाव.

बाबांनी घाई कसली म्हटलं ते मला आवडलं नाही. ते तसं बोलणारे नाहीत. त्यांच्यावर लक्ष ठेव.

माझे कामाचे कागद अजून आले नाहीत. मध्येच देश सोडला तर परत घेतील की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. रांगेत उभं राहून आले, पुढच्या महिन्यात या म्हणाले.

खालचा लोभ वरच्या रागापेक्षा जास्त समजावा.

तुझी,
झेनोविया

पोयाना, २३ फेब्रुवारी

प्रिय झेनी हिस,

वि. वि. गाडी बरी झाली. तुझं पॅकिंग असं बसलं जणू गाडी बघून कापलं. स्क्रू दोनदा पाव फेरा घेतला. सकाळी कडाक्याच्या थंडीत चावी फिरवली तर गुणगुणत उभी राहिली. आग्लाया बाहेर आली आणि विचारून गेली की आज जाणार नाही का.

आणि त्याच दिवशी, शुक्रवारी, बाबा आले नाहीत.

गाडी दारात चालू ठेवून मी आत गेलो, तर ते बूट घालून, टोपी मांडीवर घेऊन कोचावर बसलेले. म्हणाले की गाव्रिल, मी दमलोय. मला वाटलं, आज म्हणताहेत. पण आजचं नव्हतं ते. म्हणाले की गाडी खराब होती तोवर बरं होतं, कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. आता ती चांगली झाली, तर मला तोंडाने सांगावं लागतंय. तिथल्या खुर्चीत पडून राहायचं, घरी येऊन दिवसभर झोपायचं, की पुन्हा तिथे जायची वेळ. म्हणाले की आता पुरे.

मी त्यांना उचलून नेऊ शकलो असतो. वजन काही उरलेलं नाही. पण आठवड्यातून तीनदा माणसाला उचलून कसं न्यायचं? मी बाहेर जाऊन गाडी बंद केली, आत येऊन त्यांच्याशेजारी बसलो. दुपारची पाळी बुडाली, ती बुडू दिली.

ते माझे वडील नाहीत. तुझे आहेत. असं नको, तसं कर, हे कोणत्या तोंडाने म्हणू? तूच ठरव. गाडीचं काही असतं तर तुला विचारून घासलं असतं काचेवर.

तुझा,
गाव्रिल

पोयाना, १ मार्च

चि. झेनोविया हिस,

अ. उ. आशीर्वाद. सोबत मार्च महिन्याचा लाल-पांढरा दोरा आहे, मनगटाला बांध. दरवर्षी तुझी आई पाठवायची, आता मी.

गाव्रिलने तुला लिहिलं ते खरं आहे. तो लपवत नाही, त्याला ते जमतच नाही. मी रुसलेलो नाही, घाबरलेलोही नाही. नुसता दमलोय. तूही तिथे दुसऱ्याची म्हातारी उचलतेस, दमणं म्हणजे काय ते तुला समजावून सांगावं लागणार नाही.

पण तुझा नवरा त्या दिवशी माझ्याजवळ बूट घालून संध्याकाळपर्यंत बसला. टोपीसुद्धा काढली नाही. ओरडला असता तर मी ओरडलो असतो, मोकळं झालं असतं. हा गप्प बसला आणि बसल्या बसल्या झोपला, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. एवढा मोठा माणूस. शेवटी पुढच्या फेऱ्याला, सोमवारी सकाळी, मीच त्याला उठवलं, म्हटलं चल, गाडी काढ.

तू येईपर्यंत डायलिसिसला जात राहीन. हे वचन समज. पण पोरी, रडायला येऊ नकोस. अंगात भांडण्याइतका दम आहे तोवर ये. त्यानंतर काय करायचं ते आपण दोघं बोलू, समोरासमोर. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, तेवढं लक्षात ठेव.

तुझे कागद राहतील तर राहतील. हे बोलणं माझ्या तोंडी शोभत नाही, पण बोललो.

तुझा बाप,
तोआदेर

रोविगो, १५ मार्च

प्रिय गाव्रिल यास आणि तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.,

दोघांना एकच पत्र लिहिते. दोन लिहायचा धीर नाही.

दोरा मनगटाला बांधलाय. बाबांचं पत्र वाचून कपडे धुतले, सिन्योराला आंघोळ घातली, जेवण भरवलं, आणि मग तिच्या मुलीला सांगितलं की मी पुढच्या शनिवारी निघते. ती वाईट बाई नाही. म्हणाली की कागद महिन्याभरात येतील, तेवढं थांब. मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे महिनाभर आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि तुमच्या आईला उचलताना आता मला रोज माझेच वडील दिसतात. माझ्या जागी आपल्याच देशातली, बाकाउची एक बाई येते आहे, तिला मी सगळं दाखवून ठेवलं. साखर कुठे लपवायची तेसुद्धा.

सिन्योराला सांगितलं, तर ती म्हणाली की बहीण अशी मध्येच कशी जाते. मग माझा हात हातात घेऊन झोपी गेली.

परत येता येईल की नाही, माहीत नाही. आल्यावर काय करायचं, तेही नाही. बाबा, तुमचं म्हणणं मी ऐकून घेईन. मान्य करीन असं म्हणत नाही, पण ऐकून घेईन.

सांदू म्हणतो, सोमवारी सकाळी आम्ही सुचावात पोचू. म्हणजे तो बाबांचा फेरा असणार. गाव्रिल, मला घ्यायला कुठे येऊ नकोस. त्यांना वेळेवर ने. मी दवाखान्याच्या दारातच उतरते. बाबांजवळ मी बसते, तू गाडीत जाऊन झोप काढ.

घरी परतताना मी चालवीन. तुम्ही दोघं मागे बसा.

आता लोभ पत्रातून मागायची गरज नाही. भेटू.

झेनोविया