मंगलाष्टकांची मास्टर कॉपी

२ नोव्हेंबर, रविवार
आमच्या मुलीचं, सईचं, लग्न तीस तारखेला. तिच्या आईची, म्हणजे आमच्या वैजयंतीची, एकच मागणी. आमच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये तिच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली आहेत. त्यानंतर वर्षभरात अण्णा गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तो सईच्या लग्नात हॉलमध्ये लावायचा. म्हणाली, वाशीच्या दुकानात देऊन टाका, डिस्क करून देतात. हसू आलं. दुकानदार कॅसेट घालतो, बटण दाबतो, चहा पितो. यात प्रोसेस कुठे आहे? महापेच्या कंपनीत क्वालिटीला मी काय माश्या मारत होतो? घरीच करणार. घरातल्या सगळ्या कॅसेट करणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
फ्लोचार्ट तयार. रंगीत. नऊ स्टेज. वैजयंतीने विचारलं, कॅसेट मशीनमध्ये कितव्या स्टेजला जाते? सातव्या. पहिल्या सहा समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, गॅसवर दूध आहे. जाऊन पाहिलं. गॅसवर काहीही नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
व्हीसीआर मिळाला. शिरवण्याला गोटीराम पाटलांकडे आम्ही पूर्वी भाड्याने राहायचो, त्यांच्या माळ्यावर होता. म्हणाले, ‘घेऊन जा. चालू हाय. माज्या पोराच्या हलदीची कॅसेट परवाच बगितली. काय नाचलेत सगले!’ रिमोट नाही. रिमोट आळशांना लागतो.
डिस्क रेकॉर्डर ऑनलाइन, सेकंडहँड. मॅन्युअल जपानी भाषेत. काही बिघडत नाही. मी मॅन्युअल लिहिणारा माणूस, वाचणारा नव्हे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कॅसेटचं इन्स्पेक्शन. लग्नाच्या कॅसेटच्या पाठीवर, कोपऱ्यात, चौकोनी भोक. प्लॅस्टिकचा तुकडाच मोडलेला. शूटिंगवाल्याची हलगर्जी, दुसरं काय! त्या काळी क्वालिटी हा शब्दच कोणाला माहीत नव्हता. धूळ जाऊ नये म्हणून भोकावर सेलोटेप लावली. दोन थर.

१९ नोव्हेंबर, बुधवार
वैजयंतीने वाशीच्या दुकानाचं कार्ड फ्रिजवर लावलं. मी त्यावर फ्लोचार्ट लावला.
निर्धार: शनिवारी स्टेज सात. आधी एखाद्या फालतू कॅसेटवर ट्रायल घ्यावी असा विचार आला. फेटाळला. ट्रायल घेणाऱ्याचा स्वतःवर विश्वास नसतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
ऐतिहासिक दिवस. दोन्ही मशीनची लाल बटणं एकदम दाबली, एक डाव्या हाताने, एक उजव्या. याला सिंक्रोनायझेशन म्हणतात. वाशीवाल्याला जन्मात सुचणार नाही. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. जुनी टेप आहे, गरम व्हायला वेळ घेणारच. टीव्ही बंद केला. पडतो जरा.

संध्याकाळ
टेप पूर्ण फिरली. डिस्क तयार. वर लेबल: ‘मंगलाष्टकं, मास्टर कॉपी’. समोरच्या केशरबाईंना उद्या बघायला बोलावलंय. लोकांना कळू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार
डिस्क लावली. मुंग्या. पुढे ढकलली, तरी मुंग्या. रेकॉर्डर भंगार निघाला म्हणून मूळ कॅसेट लावली. तिच्यातही मुंग्या. केशरबाई म्हणाल्या, ‘अहो, केबल गेली असेल.’ या बाईंना काय कळतंय!
वैजयंतीने कॅसेट बाहेर काढली. सेलोटेपवरून बोट फिरवलं. म्हणाली, हा तुकडा अण्णांनी स्वतः मोडला होता, स्क्रूड्रायव्हरने. तो मोडला की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. तुम्ही भोक बुजवलंत आणि वर रेकॉर्डचं बटण दाबलंत. मग आत जाऊन दार लावलं.
मी बाहेर कारणमीमांसा करत बसलो. कारण एक, गोटीरामांचा व्हीसीआर. कारण दोन, बटणाला लाल रंग देणारी कंपनी. तिसरं लिहायला घेतलं, पण लिहिलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
वैजयंती बोलते. केटरर, रुखवत, हॉलची चावी. या विषयावर मात्र एक अक्षर नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.
वाशीला जाऊन आलो. घरी सांगितलं नाही. दुकानदार म्हणाला, ‘काका, टेन्शन नका घेऊ, पण ते गेलं. वरून रेकॉर्ड झालं की खालचं परत येत नाय.’ त्याने मला चहा पाजला. चहा बरा होता. बाकी दुकान यथातथाच.

३० नोव्हेंबर, रविवार
लग्न झालं.
मंगलाष्टकं वैजयंतीने म्हटली. अण्णांचीच, आठवतील तशी. मोबाइलवर रेकॉर्डिंग मी करणार हे मी गृहीतच धरलं होतं. तिने फोन केशरबाईंच्या हातात दिला. मला अक्षतांचं ताट.
दोन कडवी झाली. आवाज लागला होता. तिसऱ्यात मधल्या ओळीला अडली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच अडली. माझ्याकडे पाहिलं. ती ओळ फक्त त्या कॅसेटमध्ये होती आणि ती मी पुसली. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो: लाज वाटली. तिच्याकडे बघवेना.
परिस्थिती हाताळायला हवी होती. मी मोठ्याने ‘सावधान!’ म्हटलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. सनईवाल्यांनी सुरुवात केली, टाळ्या पडल्या, हार घातले गेले. मला वाटलं, निभावलं.
रात्री साडीच्या पिना काढताना वैजयंती म्हणाली, चौथं कडवं तिला पूर्ण येत होतं.