घोडीच्या नाकातली नथ

८ नोव्हेंबर २००६

मीरा रोडच्या राजेसाहेबाने आज आईला चोर म्हटलं! राज्य कधीच गेलं, उरलाय दोन खोल्यांचा फ्लॅट — तरी सगळ्यांनी राजेसाहेबच म्हणायचं. राणीसाहेबांची नथ गायब. "वैजयंता, पिशवी उलटी कर." चार बायकांसमोर! अकरा वर्षं भांडी घासली तिथे. राणीसाहेब मान खाली घालून उभ्या. आई पण गप्प. का गप्प?

दाखवतोच त्याला. नाव संघर्ष आहे माझं.

९ नोव्हेंबर

कामावरून काढलं. बाकीच्या दोन घरांनी पण.

१७ नोव्हेंबर

हे घ्या! मी काशीगावात दुकानात नंबरप्लेटा रंगवतोय, तर राणीसाहेब स्वतः दारात. "साहेबांचं चित्र हवंय. घोड्यावर बसलेलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांना भेट द्यायचंय. कुणाला बोलू नकोस." चेहऱ्यासाठी लग्नातला फोटो दिला. त्यात त्यांच्या नाकात तीच नथ! मधे हिरवा खडा.

नाहीच म्हणणार होतो. मग डोक्यात आलं...

२६ नोव्हेंबर

राजेसाहेब जन्मात घोड्यावर बसला नसेल. घोडा बघायला वरातवाल्याकडे गेलो. एकच पांढरी घोडी, गोंडे बांधलेली. सारखी नाचतेय. तो बोलला, "आदत है भाई, शादीवाली है." असल्या घोडीवर बसणार आमचा राजा!

४ डिसेंबर

झालं. साहेब एकदम रुबाबात — मिशा, तलवार. आणि घोडीच्या नाकात नथ! हिरव्या खड्यासकट. शोधतोयस ना? घे. भिंतीवर लाव, रोज बघ.

आईला दाखवलं नाही.

१० डिसेंबर

साहेबांच्या लग्नाच्या पंचविशीचं जेवण. हॉल भरलेला. चित्र मी गुंडाळूनच आणलेलं, राणीसाहेबांनी पण बघितलं नव्हतं. पडदा काढला. एक पोरगी ओरडली, "घोडीने नथ घातलीय!" सगळे फुटले. साहेब लालबुंद. माझी कॉलर धरली. "चोराच्या पोरा, ही नथ कुठे बघितलीस?"

"तुमच्या लग्नाच्या फोटोत."

तेवढ्यात राणीसाहेब मधे आल्या. "सोडा त्याला. नथ मीच विकली. ह्या चित्रासाठी, ह्या जेवणासाठी."

कॉलर सुटली. कोणी हसेना. जिंकलो! पळत घरी आलो, आईला सांगायला.

११ डिसेंबर

आईला माहीत होतं. सोनाराकडे तीच गेली होती सोबत. "कालच्या जेवणापर्यंत तोंड उघडणार नाही म्हणले होते मी राणीसाहेबांना. बदल्यात एकच मागितलं — चित्र माझ्या लेकराकडूनच काढून घ्या."